मेंढीचें यकृत आणि मोरचूद

द्राक्षाच्या बागेंत वेलींच्या ओळींमधून गवत माजलें, तें खाण्यास मेंढ्या सोडल्या, आणि कळप चार-पांच महिने तेथें सुखानें चरला. मेंढ्या अंगानें भरल्या, लोकर दाट आली, कोंकरें झालीं. मग एके दिवशीं लोकर कातरण्यासाठीं कळप एकत्र कोंडला; एक रात्र उपाशी गेली; आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं एक मेंढी मान खालीं टाकून इतरांच्या मागें रेंगाळूं लागली. तिनें चारा सोडला. पापणी उलटून पाहावी तर डोळ्याचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा. मूत्र पडलें तें आमसुलाच्या पाण्यासारखें काळपट तांबडें. दोन दिवसांत ती मेली. पशुवैद्यानें पोट चिरून पाहिलें तेव्हां यकृत पिवळट व ठिसूळ झालेलें आणि मूत्रपिंडें बंदुकीच्या नळीसारखीं निळींकाळीं दिसलीं. अशा वेळीं धन्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: काल हिनें काय खाल्लें?

प्रश्न स्वाभाविक आहे, पण चुकीचा आहे. त्या मेंढीला जें बाधलें तें तिनें काल खाल्लेलें नव्हतें. तें ती कित्येक महिने रोज थोडें थोडें खात होती. आणि तें विष म्हणूनही कोणीं बागेंत आणलेलें नव्हतें. वेलींना बुरशीच्या रोगापासून वांचविण्यासाठीं फवारलेलें तें औषध होतें. पिकांवर मारलेल्या बुरशीनाशकांमुळें जनावरांच्या यकृताला दीर्घ काळानें जी इजा पोंचते तिचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. परंतु मोरचुदानें मेंढीचें यकृत कसें निकामी होतें, हें त्या सर्वांत जुनें, सर्वांत चांगलें अभ्यासिलेलें आणि सर्वांत बोलकें उदाहरण होय.

मोरचूद व चुना यांचें हें मिश्रण सांपडलें तें चोरांच्या कृपेनें, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रान्समधील द्राक्षवेलींच्या मुळांना फायलोक्सेरा नांवाच्या किडीनें ग्रासलें. तिला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेली फ्रेंच बागाइतदारांनीं आणविल्या, आणि १८७८ च्या सुमारास अमेरिकेंतीलच एक नवी बुरशी फ्रान्समध्यें दिसूं लागली. तीच द्राक्षावरील केवडा रोगाची बुरशी. पानांच्या खालच्या अंगाला पांढरी लव येते, पानें करपून गळतात, आणि पानांवांचून फळ पिकत नाहीं. बोर्डो येथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे हे १८८२ च्या ऑक्टोबरांत मेदोक भागांतील सँ-झुलियेंच्या बागांतून चालले असतां त्यांना एक चमत्कार दिसला. बागेच्या आंतील वेली पार उघड्या पडल्या होत्या. पण रस्त्याच्या कांठच्या वेलींवर मात्र पानें शाबूत होतीं. चौकशीअंतीं कळलें कीं, येणारे-जाणारे लोक घोंस तोडून नेतात म्हणून त्यांना भय वाटावें यासाठीं कांठच्या वेलींवर मोरचूद व चुना यांचें निळें पाणी शिंपडण्याची तेथें रीत होती. निळा डाग पाहून चोर हात आखडता घेत, आणि चोराबरोबर बुरशीही हात आखडता घेई! मिलार्दे यांनीं गेयों या रसायनशास्त्रज्ञाच्या व दाविद नांवाच्या बाग-व्यवस्थापकाच्या साहाय्यानें प्रयोग केले आणि १८८५ सालीं ही कृति प्रसिद्ध केली.

तांब्याचा हा गुण त्यापूर्वींही एकाच्या नजरेस आला होता. फ्रान्समधील मोंतोबां येथें प्रेव्हो यांनीं १८०७ सालीं गव्हावरील काजळीच्या बीजाणूंवर काम करतांना पाहिलें कीं, तांब्याच्या भांड्यांत ठेवलेल्या पाण्यांत ते बीजाणू रुजत नाहींत. त्या शोधाकडे त्या काळीं फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. तांब्याचें भांडें या कथेंत पुढें आणखी एकदां यावयाचें आहे, आणि तें पुण्यांत.

बोर्डो मिश्रण आजही जगभर वापरलें जातें. कारण तें स्वस्त आहे, शेतावरच करतां येतें, आणि शंभरांहून अधिक वर्षें झालीं तरी बुरशीला त्याची सवय जडलेली नाहीं. नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागांत पावसाळ्याच्या दिवसांत तें मारतात. कोंकणांत व गोव्यांत पोफळीवरील कोळे रोगावर त्याचाच आधार असतो. इतकेंच काय, युरोपांतील सेंद्रिय म्हणविणाऱ्या शेतीलाही तांब्याचीं औषधें मान्य आहेत. जें खाणींतून निघालें तें नैसर्गिक, आणि जें प्रयोगशाळेंत घडलें तें कृत्रिम, हा भेद बाजारांत सोयीचा असेल. यकृताला तो कळत नाहीं.

येथें थोडा हिशेब करून पाहावा. नेहमींच्या एक टक्का मिश्रणांत १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद पडतो. मोरचुदाच्या वजनाचा सुमारें चौथा हिस्सा तांबें असतें. म्हणजे १ लिटर मिश्रणांत अडीच ग्रॅम तांबें आलें. चहाचा एक लहान चमचा भरून तें घेतलें तर त्यांत बारा-साडेबारा मिलिग्रॅम तांबें भरेल. आतां दुसऱ्या बाजूस मेंढी घ्या. पन्नास किलो वजनाची मेंढी दिवसाला सुमारें दीड किलो कोरडा चारा खाते आणि तिला आठ-दहा मिलिग्रॅम तांबें लागतें. अर्थात् फवाऱ्याच्या एका चमच्यांत तिच्या पुऱ्या दिवसाच्या शिध्याहून अधिक तांबें आहे. तो चमचा कोणी मेंढीला पाजीत नाहीं, हें खरें. आणि एकदां पाजला म्हणून ती मरणारही नाहीं, कारण पोटांत गेलेल्या तांब्यापैकीं दहावा हिस्साही मोठ्या मेंढीच्या रक्तांत उतरत नाहीं. परंतु फवारा वेलींवर मारतांना त्याचे थेंब खालच्या गवतावर पडतात. पाऊस पानांवरचें औषध धुऊन तेथेंच आणतो. गळलेलीं पानें मेंढी आवडीनें खाते. आणि गवत उपटतांना त्याच्या मुळांशीं चिकटलेली माती तिच्या पोटांत जाते. जुन्या बागांच्या मातींत तांबें किती सांचतें याची कल्पना यावी म्हणून सांगावयाचें, तर साधारण जमिनींत किलोमागें पांच ते तीस मिलिग्रॅम असणारें तांबें पिढ्यान् पिढ्या फवारलेल्या द्राक्षमळ्यांत कित्येक शेंकड्यांवर गेलेलें आढळतें. इतर औषधें उन्हानें, जंतूंनीं, कालांतरानें विघटित होतात. तांबें हें मूलद्रव्य असल्यामुळें तें विघटित होण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं.

याचा अर्थ तांबें मेंढीचें शत्रु आहे असा मात्र कोणी करूं नये. उलट, तें न मिळालें तरी ती जगत नाहीं. पश्चिम ऑस्ट्रेलियांत कोंकरांचे मागचे पाय लुळे पडून तीं मरत. तेथील पशुवैद्य बेनेट्स यांनीं चॅपमन यांच्यासह १९३७ सालीं दाखवून दिलें कीं, गाभण मेंढ्यांच्या चाऱ्यांत तांबें पुरेसें नसणें हेंच त्याचें कारण. तांब्याचा तुटवडा पडला म्हणजे लोकरीचा कुरळेपणा जाऊन ती तारेसारखी सरळ होते, काळी लोकर करडी पडते, रक्त फिकें होतें. निसर्गानें मेंढीला दिलेली मर्यादा मोठी अरुंद आहे. चाऱ्याच्या किलोमागें पांच मिलिग्रॅमच्या खालीं गेलें तर उणें, आणि पंधरा-वीसच्या वर बरेच दिवस राहिलें तर घातक! युरोपीय संघाच्या नियमांत मेंढीच्या खाद्याला किलोमागें १५ मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे. डुकराची गोष्ट निराळी. त्याची वाढ झपाट्यानें व्हावी म्हणून त्याच्या खाद्यांत १२५ पासून २५० मिलिग्रॅमपर्यंत तांबें मुद्दाम घालण्याची चाल विसाव्या शतकांत युरोपांत रूढ झाली होती. त्याला तें मानवतें. पण त्याच डुकराचें लेंडखत कुरणांत टाकलें आणि त्यावर मेंढ्या चारल्या, तर मेंढ्या दगावतात.

एकाला पोषक तें दुसऱ्याला मारक, हा फरक कोठून आला? त्याचें उत्तर यकृतांत आहे. मराठींत काळीज म्हटलें कीं प्रेमाचें, धैर्याचें स्थान डोळ्यांपुढें येतें आणि हात आपोआप छातीकडे जातो. खाटिक मात्र कलेजी म्हणून जें तोलून देतो तें यकृत. शरीराच्या व्यवहारांत खाटकाचा अर्थच अधिक उपयोगी आहे. आंतड्यांतून शोषिलेलें सर्व अन्न प्रथम यकृताच्या दारांत येतें. कोणतें ठेवावयाचें, कोणतें पुढें धाडावयाचें, कोणतें पित्तांतून परत आंतड्यांत सोडावयाचें, याचा निवाडा तेथें होतो. तांबें जास्त आलें म्हणजे बहुतेक जनावरांचें यकृत पित्तावाटे तें अधिक प्रमाणांत बाहेर टाकूं लागतें. मेंढीच्या यकृताला ही युक्ति फारशी साधत नाहीं. आवक वाढली तरी जावक जवळजवळ तेवढीच राहते. रानांत, डोंगरावर, जेथें तांबें मुळांतच तुटपुंजें असे तेथें जें मिळेल तें सांठवून ठेवणें हा शहाणपणाच होता; बागेंत तोच शहाणपणा अंगलट येतो.

मग यकृत काय करतें? तें हें तांबें मेटॅलोथायोनीन नांवाच्या प्रथिनाशीं बांधून आपल्या पेशींतील लायसोसोम नांवाच्या बारीक पिशव्यांत कोंडून ठेवतें. निरोगी मेंढीच्या कोरड्या यकृताच्या किलोमागें १०० ते ५०० मिलिग्रॅम तांबें असतें. बागेंत चरणाऱ्या मेंढीच्या यकृतांत तें वाढत वाढत हजाराच्याही पुढें जातें. या सर्व काळांत मेंढी खाते, रवंथ करते, दूध देते, वजनानें वाढते. रक्त तपासलें तर त्यांतील तांबें नेहमींइतकेंच असतें. कारण जास्तीचें तांबें रक्तांत राहूं न देणें हेंच तर यकृताचें काम, आणि तें काम यकृत चोख करीत असतें. रोगाची ही पहिली अवस्था आठवडे नव्हे, महिने चालते; क्वचित् वर्षाहूनही अधिक. या अवस्थेंत मेंढी आजारी आहे कीं निरोगी, हा प्रश्न विचारला तर वैद्यालाही उत्तर देणें कठीण.

पुढें पिशव्या भरतात. एखादी फुटते, तिच्यासह ती पेशी मरते, आणि तिचें तांबें शेजारच्या पेशी उचलतात; म्हणजे त्यांचा भार आणखी वाढतो. मेलेल्या पेशींतील कांहीं द्रव्यें रक्तांत मिसळतात, आणि नेमकीं तीं मोजलीं तर संकटाची चाहूल कित्येक दिवस, कधीं कधीं कित्येक आठवडे आधीं लागूं शकते. परंतु दिसायला धडधाकट असलेल्या मेंढीचें रक्त तपासण्याचें कोणाच्या मनांत येणार?

तिसरी अवस्था मात्र घटका-प्रहरांची. लोकर कातरणें, लांबचा प्रवास, अवेळीं पडलेली थंडी, विणें, एखादा दिवस उपास, असें कांहींतरी निमित्त होतें आणि यकृत एकाएकीं हातपाय गाळतें. सांठवलेलें तांबें लोंढ्यासारखें रक्तांत येतें. रक्तांतील तांबड्या पेशी त्याच्या माऱ्यानें फुटतात; त्यांतील रंगद्रव्य मूत्रपिंडांतून गाळलें जातांना मूत्र काळपट तांबडें होतें, आणि मूत्रपिंडांच्या नळ्या तुंबतात. उरलेलें रंगद्रव्य पिवळें होऊन कातडीखालीं पसरतें. एक ते चार दिवसांत बहुधा सर्व आटोपतें. विशेष हें कीं, तांबें पोटांत जाणें बंद होऊन कित्येक आठवडे लोटल्यावरही हा प्रसंग ओढवूं शकतो. कळप बागेंतून काढून स्वच्छ माळावर नेला, आणि तेथें मेंढ्या मरूं लागल्या, म्हणजे दोष माळाच्या माथीं येतो.

या विषयाचा खोल अभ्यास झाला तो ऑस्ट्रेलियांत, आणि तोही फवारलेल्या बागांत नव्हे तर साध्या कुरणांत. तेथें कांहीं भागांत, कोणतेंही औषध मारलेलें नसतां, मेंढ्यांना अगदीं हीच कावीळ होई. १९४५ सालीं डिक व बुल या शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, चाऱ्यांत मॉलिब्डेनम हें दुसरें मूलद्रव्य वाढविलें म्हणजे मेंढीच्या यकृतांतील तांब्याचा सांठा उतरूं लागतो. मॉलिब्डेनम व गंधक हीं दोन्ही जनावराच्या कोथळ्यांत तांब्याला बांधून टाकतात आणि मग तें शेणावाटे निघून जातें. म्हणून गवतांत तांबें किती आहे एवढेंच पाहून चालत नाहीं; त्याच्या सोबतीला काय आहे तेंही पाहावें लागतें. त्याच देशांत हेलिओट्रोप नांवाचें एक तण मेंढ्यांच्या खाण्यांत येतें. त्यांतील विषानें यकृताच्या पेशी आधींच जायबंदी होतात, आणि मग नेहमींच्या चाऱ्यांतील तांबेंही त्यांना सोसत नाहीं. यकृतावर दोन आघात निरनिराळ्या दिशांनीं आले म्हणजे त्यांची केवळ बेरीज होत नाहीं, गुणाकार होतो.

मेंढीच्या जातीजातींतही मोठा फरक आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी द्वीपसमूहांत नॉर्थ रोनाल्डसे नांवाचें एक लहानसें बेट आहे. शेतजमीन मेंढ्यांपासून राखावी म्हणून तेथील लोकांनीं १८३२ सालीं बेटाच्या कांठाकांठानें दगडी भिंत घातली, आणि मेंढ्या भिंतीबाहेर समुद्राच्या बाजूला ठेवल्या. तेव्हांपासून त्या मेंढ्यांचा मुख्य चारा म्हणजे लाटांबरोबर येणारें समुद्रशेवाळ. शेवाळांत तांबें फार थोडें. तेव्हां त्यांतील कण न् कण वेंचून ठेवणारें यकृतच तेथें टिकाव धरूं शकलें. आतां यांतील एखादी मेंढी जहाजांत घालून इंग्लंडच्या हिरव्यागार कुरणांत आणली, तर तेथील निर्मळ, न फवारलेलें गवतच तिला हळूहळू विष होतें. तांब्याचें सुरक्षित प्रमाण म्हणून जो आंकडा पुस्तकांत छापलेला असतो तो या मेंढीला विचारून छापलेला नाहीं.

माणसाच्या यकृताचें काय? पोर्तुगालमध्यें द्राक्षबागांत वर्षानुवर्षें बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांत एक विशिष्ट विकार होतो असें पिमेंतेल व मार्केस यांनीं १९६९ सालीं लिहिलें. पुढें १९७५ मध्यें अशाच मजुरांच्या यकृतांत तांबें धरून बसलेल्या गांठी आढळल्याचें प्रसिद्ध झालें. पाठीवर पंप बांधून बागेंतून फिरणारा मनुष्य गवत खात नाहीं, पण फवाऱ्याचें धुकें श्वासाबरोबर घेतो. त्याहून निराळें, पण आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांना अधिक जवळचें असें प्रकरण पुण्याचें आहे. भारतांत लहान मुलांना, वयाच्या पहिल्या तीन-चार वर्षांत, पोटांत यकृताचा दगडासारखा कठीण गोळा लागून तीं दगावण्याचा एक रोग होता. कुटुंबांत एकापाठोपाठ एक मुलें जात. नजर लागली, दूध बाधलें, पाळण्याचा दोष, असे नाना तर्क चालत. अशा मुलांच्या यकृतांत तांबें नेहमींच्या कित्येक पटींनीं भरलेलें सांपडलें. पुण्याचे भावे व पंडित आणि इंग्लंडचे टॅनर यांनीं मिळून १९८३ सालीं ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत मांडलें कीं, या तान्ह्यांना वरचें दूध लौकर सुरू झालेलें असतें आणि तें तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापविलेलें किंवा ठेवलेलें असतें. दुधांतील प्रथिनें भांड्याचें तांबें भराभर उचलतात. भांडें कल्हईचें असेल तर धातूचा आणि दुधाचा संबंध येत नाहीं. कल्हई उडाली कीं येतो. सर्वच घरांतील सर्वच मुलें कांहीं आजारी पडलीं नाहींत, त्याअर्थीं अशा मुलांत कांहीं आनुवंशिक दुबळेपणाही असावा, असा अनेक तज्ज्ञांचा कयास आहे. तरी स्टेनलेस स्टीलचीं भांडीं घरोघर आलीं आणि हा रोग जवळजवळ नाहींसा झाला, ही वस्तुस्थिति आहे. दारांत ‘कल्हईऽऽ’ म्हणून ओरडणाऱ्या कल्हईवाल्याकडे नव्या तांब्याचें वा पितळेचें भांडें देतांना घरांतल्या बायका जी घाई करीत, तिच्यामागें अनुभवाचें कांहीं तरी शहाणपण होतें खास.

येथें वाचकाच्या मनांत शंका येईल कीं, कोणतेंही औषध शेतावर येण्यापूर्वीं जनावरांवर त्याची परीक्षा होतेच, मग हें लक्षांत कसें आलें नाहीं? बोर्डो मिश्रण निघालें तेव्हां अशी परीक्षा कोणी करीत नसे, हें एक उत्तर. आतां करतात. नवीन बुरशीनाशक उंदरांना चाऱ्यांतून दोन वर्षें, म्हणजे त्यांच्या जवळजवळ सबंध आयुष्यभर, देतात. निरनिराळ्या कळपांना निरनिराळी मात्रा. मग प्रत्येकाचें यकृत तोलून, कापून, सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. ज्या मात्रेनें कांहींही बिघाड झाला नाहीं तिचा शंभरावा हिस्सा हा माणसाला सोसण्यासारखा धरतात: दहा पट सूट जनावर व माणूस यांतील भेदासाठीं, आणि पुन्हां दहा पट माणसामाणसांतील भेदासाठीं. ट्रायाझोल गटाच्या नव्या औषधांत अशा परीक्षांमध्यें वारंवार प्रथम यकृतच मोठें होतांना दिसतें, कारण त्यांचा निचरा करण्यासाठीं त्याला जास्तीचीं कामकरी प्रथिनें तयार करावीं लागतात. ही पद्धत चांगली आहे; तिच्यामुळें पुष्कळ घातक द्रव्यें बाजारांत येण्यापूर्वींच अडलीं. पण उंदीर तांब्याला मेंढीपेक्षां कितीतरी अधिक सोसतो. ज्या मात्रेवर उंदीर खुशाल बागडतो तिच्यांत मेंढी महिन्या-दोन महिन्यांत संपेल. परीक्षा करावयाची ती ज्याच्या तोंडीं तें द्रव्य पडणार त्याच जातीवर, निदान त्याच्या स्वभावाच्या जनावरावर, आणि तीही पुरेशा दीर्घ काळ, हा आग्रह म्हणूनच सोडतां येत नाहीं.

फ्रान्स, न्यूझीलंड, कॅलिफोर्निया येथील द्राक्षमळ्यांत तण काढण्यासाठीं मेंढ्या सोडण्याची रीत अलीकडे पुन्हां वाढत चालली आहे. यंत्राचें तेल वांचतें, तणनाशक वांचतें, खत फुकट मिळतें. आपल्याकडे तर सुगीनंतर धनगराचा कळप शेतांत बसवून घेणें ही जुनीच चाल. ज्वारीच्या रानांत तींत कांहींच धोका नाहीं. परंतु जो कळप दर वर्षीं फवारलेल्या द्राक्षबागेंत महिनोन् महिने राहावयाचा, त्याच्या धन्यानें फवारा केव्हां मारला, त्यानंतर पाऊस किती पडला, माती किती वर्षांची फवारलेली आहे, हें विचारून घेणें इष्ट. मिश्रण कालविण्याचें पिंप जेथें धुतात ती जागा तर कुंपणानें बंदच असावी. तेथील चिखलांत व गवतांत एका कोपऱ्यापुरतें सबंध हंगामाचें तांबें सांठलेलें असतें. शेळ्या व गुरें हा भार मेंढीपेक्षां अधिक सोसतात. युरोपीय संघानें २०१८ सालीं ठरविलें कीं, एका हेक्टरावर सात वर्षांत मिळून २८ किलोहून अधिक तांबें पडतां कामा नये. तें बंधन मुख्यतः मातीच्या व तींतील जीवांच्या काळजीनें घातलेलें आहे, मेंढीच्या नव्हे, पण मेंढीलाही त्याचा लाभ होईल.

आणि कळपांत एक मेंढी पिवळी होऊन मेली तर? तिच्या यकृताचा व मूत्रपिंडाचा तुकडा तपासणीस पाठवितात. तांब्याचें प्रमाण कळलें कीं निदान पक्कें होतें. नुकतीच कावीळ झालेल्या दुसऱ्या मेंढीला औषध देऊन पाहतात, पण ती वांचेलच असा भरंवसा कोणी देत नाहीं. खरा उपचार होतो तो उरलेल्यांवर. जाणता पशुवैद्य कळपाला धावडवूं देत नाहीं, कोंडूं देत नाहीं, उपाशी ठेवूं देत नाहीं. कातरणी पुढें ढकलतो. मग कांहीं मेंढ्यांचें रक्त घेऊन यकृताच्या पेशींतून निसटलेलीं द्रव्यें मोजतो, आणि अमोनियम मॉलिब्डेट व गंधकाचा एक क्षार यांची मात्रा सुमारें तीन आठवडे रोज द्यावयास लावतो, म्हणजे तांबें यकृतांतून सावकाश, रक्ताला धक्का न लावतां, निघूं लागतें. धन्याला हें पटवून देणेंच त्या कामांतील सर्वांत अवघड. कारण ज्या मेंढ्यांना धरून तोंड उघडून रोज औषध पाजावयाचें, त्या सगळ्या त्याच्या डोळ्यांदेखत चरत असतात, रवंथ करीत असतात, आणि त्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग अजून अगदीं पांढरा असतो.